दिवाळीची सुट्टी आणि भेटीचं पुस्तक



सहामाही परीक्षा संपत आली की पालक हमखास दोन प्रश्न विचारतात. "बाई, सुट्टीचा अभ्यास काय देणार?" आणि "पोराला यंदा फटाक्यांऐवजी पुस्तक घ्यायचं म्हणतोय, कुठलं घेऊ?" पहिल्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. दुसऱ्याचं उत्तर मी कितीतरी वर्षं डोळे मिटून देत होते. 'श्यामची आई' घ्या. सोपं, स्वस्त, संस्कार करणारं, आणि कुणी नावंही ठेवणार नाही.

मग एका वर्षी चौथीतल्या एका मुलाला धावण्याच्या शर्यतीचं बक्षीस म्हणून मीच ते पुस्तक दिलं. सुट्टी संपवून तो आला तेव्हा विचारलं, "वाचलंस का रे?" तो म्हणाला, "हो बाई, छान आहे." काय आवडलं म्हटल्यावर खाली बघायला लागला. पुस्तक दप्तरातच होतं. खाकी कव्हर घातलेलं, वर सुवाच्य अक्षरात नाव, आणि आत एकाही पानाला साधी दुमड नाही. पोरगं एकेक अक्षर लावून वाचणारं. 'प्रत्यक्ष' आणि 'स्वातंत्र्य' अशा शब्दांपाशी त्याचा श्वास अडकायचा. वर्षभर मी त्याला वाचताना ऐकत होते, तरी बक्षीस देताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी पुस्तक बघून दिलं, मूल बघून दिलं नाही. त्याला त्यातून कळलं ते एवढंच, की वाचन हे आपलं काम नाही.

पुढच्याच महिन्यात त्याच्या वडिलांनी जुना ट्रॅक्टर घेतला. त्याच्यासोबत आलेली मराठी माहितीपुस्तिका हा पठ्ठ्या वर्गात घेऊन आला आणि मधल्या सुट्टीत चार पोरं गोळा करून वाचून दाखवायला लागला. 'क्लच', 'हायड्रॉलिक', 'इंजिन ऑइल बदलण्याची पद्धत'. अडखळत वाचत होता, पण थांबत नव्हता. जोडाक्षरं तीच होती, तेवढीच अवघड. मी दारात उभी राहून ऐकलं आणि खरं सांगते, मला जरा लाजच वाटली.

तेव्हापासून कुणी पुस्तक सुचवा म्हटलं की मी आधी विचारते, मूल सध्या कशात गुंतलंय? ट्रॅक्टर, क्रिकेट, भुतं, मांजराची पिल्लं, काहीही चालेल. 'चांगलं पुस्तक' हा विचार त्यानंतरचा.

एक सोपी युक्ती बऱ्याच शिक्षकांना माहीत असेल, पालकांनाही जमेल. पुस्तकाचं मधलंच एखादं पान मुलाकडून वाचून घ्यायचं. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक एकट्यानं वाचायला आज जड आहे. उद्या नसेल. पण म्हणजे दुकानात मुलाला सोबत न्यायला हवं, 'सरप्राइज' वगैरे नको. आणि नेलंत तर त्याला निवडू द्या. तो बहुतेक विनोदांचं किंवा भुताखेतांचं पुस्तक उचलेल. घेऊ द्या की! आपणही लहानपणी तेच उचलत होतो.

नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी प्रथम बुक्सची पातळ, रंगीत पुस्तकं मला आवडतात. त्यांवर वाचनाची पातळी छापलेली असते, त्यामुळे पालकांना अंदाज येतो. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' तर असं आहे की आजी, बाबा, घरातली रोजची गडबड, सगळं मुलाला आपलंच वाटतं. चित्रंही त्यांचीच. वाचनाची गोडी लागलेल्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पळवत नेतो, फक्त मधेमधे जुने शब्द सांगायला कुणी जवळ हवं. कुमारवयातल्या मुलांना 'वाचू आनंदे'. कुठलंही पान उघडा, वाचा, मिटा. आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचा दिवाळी अंक ही खिशाला परवडणारी भेट आहे. माझ्या त्या ट्रॅक्टरवाल्याला मी पुढे अरविंद गुप्तांचं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवायचं पुस्तक दिलं. महिन्याभरात त्याला डिंकाचे डाग पडले, दोन पानं निखळली.

आता जरा कडू बोलते. स्कॉलरशिपचं किंवा नवोदयचं गाईड चकचकीत कागदात गुंडाळून भाऊबीजेला देऊ नका. गरज असेल तर जरूर आणा, पण इतर वह्या-पुस्तकांसारखं पिशवीतून आणा. ओवाळून झाल्यावर बहिणीच्या हातात प्रश्नसंच ठेवणं बरं दिसत नाही. शाळांनीही बक्षीस समारंभासाठी सवलतीत मिळणाऱ्या बोधकथांचे एकसारखे गठ्ठे आणणं थांबवावं. पन्नास मुलांना एकच पुस्तक म्हणजे गणवेश झाला!

आणि आपण शिक्षक? भेट मिळालेल्या पुस्तकाचा सारांश लिहून आणा, तात्पर्य सांगा, अवघड शब्दांचे अर्थ लिहा, हे आपणच करतो. मीही केलंय. भेट दिलेल्या शर्टावर कुणी निबंध लिहायला लावतं का? मूल पुस्तक अर्ध्यात सोडेल, नुसती चित्रं बघेल, तेच पुस्तक दहा वेळा वाचेल. ते आता त्याचं आहे.

राहता राहिली 'श्यामची आई'. कुणी म्हणेल, बाई त्या पुस्तकाच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याच्या प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत. आश्रमात रोज रात्री श्याम गोष्ट सांगतो आणि बाकीचे ऐकतात. म्हणजे ते मुळात ऐकायचं पुस्तक आहे, अशा बेचाळीस रात्रींचं! आणि आपण ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन म्हणतो, जा, कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वाच. सोवळं-ओवळं, शंभर वर्षांपूर्वीचं कोकण, सावकारी हे त्याला कोण सांगणार? तेव्हा हे पुस्तक द्यायचंच असेल तर सोबत आपली रोजची वीस मिनिटं द्या. जेवणं झाली की एक रात्र मोठ्यानं वाचायची. सुट्टीत पंधरा रात्री सहज होतात.

त्या मुलानं ती कोरी प्रत नंतर आपणहून वर्गाच्या पेटीत आणून ठेवली होती. यंदाच्या चौथीत मी शेवटच्या तासाला त्यातूनच वाचतेय. परवा अकरावी रात्र झाली. सुट्टीआधी काही संपत नाही, त्यामुळे पुस्तक घरी कोण नेणार यावरून सध्या वर्गात दोन गट पडलेत.