ऑक्सिजनचे नाव आणि मराठीचा हक्क



"मराठीत शास्त्र येत नाही, तिच्यात शब्दच नाहीत," असे सांगणारे शहाणे आपल्याला ठायी ठायी भेटतात. त्यांना एकच शब्द विचारा. ऑक्सिजन म्हणजे काय हो?

त्याचा अर्थ 'आंबट करणारा'. १७८७ साली फ्रान्सात लाव्हाझिए आणि त्याच्या सोबत्यांनी रसायनांची नवी नावे छापली, त्यात ग्रीक भाषेतले दोन तुकडे जोडून केलेले हे नाव होते. प्रत्येक आम्लात, म्हणजे आपल्या तेजाबात, हा वायू असतोच अशी त्यांची समजूत. ती खोटी ठरली. १८१० साली इंग्लंडात हंफ्री डेव्हीने दाखवून दिले की मिठापासून काढलेल्या तेजाबात ऑक्सिजन नाहीच. त्यात आहे हायड्रोजन आणि क्लोरीन. ब्लीचिंग खात्यात कापड पांढरे करतो तोच हा क्लोरीन. त्याचे नावही डेव्हीनेच ठेवले. ग्रीकमधून अर्थ काय, तर 'हिरवट पिवळा'. रंग बघून नाव, झाले!

आता इतरांनी काय केले ते बघा. जर्मन माणूस ऑक्सिजनला आपल्या भाषेत 'झाउअरश्टोफ' म्हणतो, रशियन 'किस्लारोद' म्हणतो, जपानी 'सान्सो' म्हणतो. तिघांच्याही शब्दात आंबटपणाच आहे. म्हणजे फ्रान्सची चूकसुद्धा त्यांनी आपापल्या भाषेत आणली! म्हणून त्यांचे कारखाने अडले काय? आपण 'प्राणवायू' म्हणतो. ज्याच्यावर जीव जगतो तो. आपला शब्द कोणत्या बाबतीत उणा आहे?

परक्या शब्दाशी आपले वैर नाही. 'तेजाब' तरी मूळचा कुठला? फारशीतला. तेज म्हणजे तिखट, आब म्हणजे पाणी. तोंडात बसला, आपला झाला. ऑक्सिजनही खुशाल बसू द्या. पण तो काय करतो हे मराठीत सांगा!

ब्लीचिंग पावडरीवर तेजाब पडले की क्लोरीन सुटतो. तो छातीत गेला तर माणूस मरतो. ही सूचना पिंपावर नुसती इंग्रजीत असेल, तर ती वाचायची कुणी? पिंप साहेब उचलत नाही, आपण उचलतो.

१ मे १९६० ला मराठी राज्य आले, ते काय फक्त कचेरीच्या पाटीवर? पिंपावरची सूचना मराठीत पाहिजे. पोरांचे शास्त्र मराठीत पाहिजे. ही भीक नाही, हक्क आहे!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!