वळणाची जागा आधी राखा

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. त्यातील एक फाटा प्रजापतीनगरपासून पूर्वेस कापसीच्या ट्रान्सपोर्टनगरापर्यंत, म्हणजे भंडाऱ्याच्या वाटेवर, जावयाचा आहे. बपेऱ्याहून तुमसर-भंडारामार्गे उपराजधानीस येणाऱ्या उतारूस त्यामुळे शहराच्या वेशीवरच मोटार सोडून रुळांवरील गाडी धरता येईल. आमच्या जिल्ह्याने ही योजना परकी मानू नये, ती याचसाठी. हे रूळ आणखी पूर्वेस न्यावेत अशी मागणी उद्या झालीच, तर पहिला प्रश्न डब्यांचा वा भाड्याचा नसून वळणांचा असेल.

मुंबईची विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली व ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली. ती चौकाचौकांतून सहज वळे, कारण तिचे डबे आखूड आणि चाल मंद. आजच्या तीन डब्यांच्या वेगवान गाडीस ते साधणार नाही. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते, म्हणून बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात आणि ही उंची सरळ मार्गापासून हळूहळू वाढवीत नेतात. परंतु तिलाही मर्यादा आहे. १२० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडीस ताशी सुमारे ४० किलोमीटरवर यावे लागते. ३०० मीटरच्या वळणावर तीच ६० च्या पुढे राहू शकते. गती दुप्पट हवी तर त्रिज्या चौपट हवी, असे हे गणित आहे. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसविलेली असल्याने आवळ वळणावर ती रुळांस घासतात व किंचाळतात. त्या घराच्या खिडकीशी ज्यांस झोपावयाचे आहे, त्यांचा विचार नकाशा काढणाराने कधी करावा?

शाळेतील भूमितीच येथे उपयोगी पडते. काटकोनी चौकात १२० मीटर त्रिज्येचा मार्ग कोपऱ्यापासून सुमारे ५० मीटर आतून जातो. ३०० मीटरचा सुमारे १२४ मीटर आतून. हे अंतर म्हणजे कोणाचे तरी घर, दुकान वा शेत. जागा वाचविली की वळण आवळते, आणि मग त्याचा भुर्दंड उतारू रोज वेळेच्या रूपाने भरीत राहतो. एकदा खांब उभे राहिले की त्रिज्या बदलता येत नाही.

यास्तव आमची सूचना अशी की, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये कोपऱ्यावरील जमिनी इमारती उभ्या राहण्यापूर्वीच आरक्षित कराव्यात आणि प्रत्येक वळणाची त्रिज्या व तेथील गती दर्शविणारा नकाशा हरकतींसाठी लोकांपुढे ठेवावा. आरक्षणाने मालकाचे हात बांधले जातात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच कलम १२७ ने दहा वर्षांनंतर मालकास नोटीस देण्याची वाट ठेवली आहे. त्या मुदतीच्या पुष्कळ आधी भरपाईची रक्कम त्याच्या हाती पडली पाहिजे. पैसा नसताना नुसती रेघ ओढून ठेवण्यास आमचा विरोध राहील.