चांदबीबी महालावर नाव कोरणाऱ्यांसाठी, आणि ते चालवून घेणाऱ्यांसाठीही

शाह डोंगराचा चढ संपतो, घामेजल्या अंगाला गार वारं लागतं, आणि चांदबीबी महालात पाऊल टाकताच भिंतीवर दिसतो तो एक बदाम. बदामात बाण, बाणाच्या दोन टोकांना दोन आद्याक्षरं, खाली साल. गाडीच्या किल्लीनं कोरलेला. शेजारी दुसरा, त्याच्या डोक्यावर तिसरा. रेषेवरून बोट फिरवलं की चुन्याची भुकटी बोटाला लागते.

मुळात ही वास्तू चांदबीबीची नव्हेच. मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ही कबर. अष्टकोनी, तीन मजली, सोळाव्या शतकाच्या अखेरची. फराहबागेचा महाल १५८३ मध्ये पुरा करून घेणारा हाच माणूस. लोकांनी त्याच्या कबरीला चांदबीबीचं नाव दिलं, त्यात वाईट काही नाही. पण जिच्या नावाचा एवढा अभिमान, तिच्या आईचं काय झालं हे नगरमध्ये किती जणांना ठाऊक आहे?

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाची फारसी सचित्र पोथी आहे. आफताबी नावाच्या कवीनं हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी रचलेली. दख्खनी चित्रकलेच्या आज उपलब्ध असलेल्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत ती मोजली जाते. हुसेनशहा १५६५ मध्ये, राक्षसतागडीच्या लढाईनंतर काही महिन्यांतच वारला. मग अल्पवयीन मुर्तजाच्या नावानं राज्य चालवलं ते राणी खुंझा हुमायूननं, म्हणजे चांदबीबीच्या आईनं. पोथीत ती सुलतानाशेजारी बसलेली रंगवली होती. १५६९ मध्ये मुलानंच तिला कैदेत टाकलं, आणि पुढं कुणीतरी बहुतेक चित्रांतली तिची आकृती पुसून, घासून टाकली. सुलतान जागेवर आहे. शेजारी नुसता रंगाचा डाग.

ते निर्घृण होतं, पण त्यामागं सत्तेचं कारण होतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत १९१४ मध्ये मेरी रिचर्डसननं वेलाझ्केझच्या व्हीनसवर सुरा चालवला, तो स्त्रियांच्या मताधिकारासाठी. तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच गॅलरीत ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन तरुणींनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर टोमॅटोचं सूप ओतलं, तेलाच्या नव्या परवान्यांना विरोध म्हणून. चित्रावर काच होती, नुकसान चौकटीपुरतंच झालं. तरीही एकीला दोन वर्षांची, दुसरीला वीस महिन्यांची कैद. आणि २००४ च्या जानेवारीत पुण्यात भांडारकर संस्थेत घुसून तोडफोड करणाऱ्या जमावालाही आपण इतिहासाचा सूड उगवतो आहोत असंच वाटत होतं. त्या खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले.

यातलं एकही कारण पटण्याजोगं नाही. पण किल्लीवाल्याकडे तेवढंही नसतं.

त्याचा खरा पूर्वज अजिंठ्यात भेटतो. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला दहावं लेणं दिसलं. त्यानं काय करावं? रंगवलेल्या बोधिसत्त्वावर आपलं नाव आणि तारीख कोरली. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढिगारा साचला होता आणि तो त्यावर उभा होता, म्हणून आज ते नाव माणसाच्या डोक्याहून उंचावर दिसतं. दोनशे वर्षं उलटली, साहेब गेला, पण त्याची ही सवय मात्र आपण मनोभावे जपली.

‘पोरं आहेत, चालायचंच,’ असं म्हणणारे बहुधा स्वतःच्या घराच्या रंगवलेल्या भिंतीवर कुणाला पेन्सिलही टेकवू देत नसतील. दुसरी सबब असते ‘सरकारनं रखवालदार नेमावेत’ ही. नेमावेतच, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातली ही वास्तू आहे, आणि राखण करणं हे त्यांचंच काम. पण बदाम कोरला जात असताना तिथं चार माणसं उभी असतात, आणि त्यांतला एकजण फोटो काढत असतो. चुन्याच्या गिलाव्यात एकदा चीर पडली की पावसाळ्यात पाणी आत शिरतं, आतला क्षार वर येतो आणि पापुद्रे सुटू लागतात. नाव कोरायला दोन मिनिटं लागतात, भिंत पुढं वर्षानुवर्षं झडत राहते.

कायदा आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ही ओळ शाळा-कॉलेजच्या सहलीच्या सूचनापत्रात डब्याच्या आणि पाण्याच्या बाटलीच्या सूचनेखालीच छापावी. ज्या शिक्षकांनी पोरांना वर न्यायचं, त्यांनी महालात शिरण्याआधी पायरीवर बसवून दहा मिनिटं सलाबतखानाची आणि खुंझा हुमायूनची गोष्ट सांगावी.

कोरताना कुणी दिसला तर तिथंच हटकावं. न ऐकल्यास पुरातत्त्व खात्याला किंवा पोलिसांना कळवावं. आणि जुनी नावं पुसायला म्हणून उत्साहानं तारेचा ब्रश, सिमेंट वा ऑइलपेंट घेऊन कुणीही डोंगर चढू नये. ते काम जाणकारांचं आहे.