‘साठी’ या अव्ययाचा बाजार

जाहिरातीची भाषा आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरची, म्हणून ती आपल्या जबाबदारीबाहेरचीही, ही मराठीच्या अभ्यासकांनी करून घेतलेली सोय आता मोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मधुमेही माणसांना चूर्णे, काढे, रस आणि ‘पूरक आहारा’चे डबे विकताना जी फसवणूक राजरोस चालते, ती रसायनशास्त्राच्या आधी व्याकरणात घडते. औषध निरीक्षक ती पकडेल तेव्हा पकडेल; पण शब्दांचे अर्थ लावणे हीच ज्यांची उपजीविका, त्यांनी ती न पाहिल्यासारखे करणे अक्षम्य आहे.

हातखंब्याचे उदाहरण घेऊ. मुंबई-गोवा महामार्गाला येथे रत्नागिरीचा रस्ता मिळतो, आणि गोव्याकडे व कोल्हापूरकडे जाणारी वाहने पुढे पालीपर्यंत एकाच वाटेने जातात. या तिठ्यावरून पश्चिमेला वळलेला रुग्ण रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचतो. तेथे त्याला मेटफॉर्मिनची साधी गोळी मिळते. पथ्य, चालणे आणि पुन्हा तपासणी एवढेच तिच्याबरोबर सांगितले जाते, सुटकेचे वचन कोणी देत नाही. याच रुग्णाच्या खिशातल्या मोबाइलवर मात्र तीन महिन्यांत गोळ्या बंद करून देणारा डबा घरपोच यायला तयार असतो. एका बाजूला रुक्ष सत्य, दुसऱ्या बाजूला रसाळ आश्वासन. या स्पर्धेत कोण जिंकते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

आता या आश्वासनाचा मजकूर वाचू. ‘मधुमेहींसाठी. शंभर टक्के नैसर्गिक. साखर मुळापासून नियंत्रणात आणण्यास साहाय्यक. कोणताही दुष्परिणाम नाही.’ हा मजकूर कोणा एका कंपनीचा नव्हे. तो या सगळ्या वाङ्मयाचा साचा आहे. यातले पहिलेच शब्दयोगी अव्यय पाहा. ‘साठी’ म्हणजे नेमके काय? मधुमेह बरा करण्यासाठी, मधुमेहींना चालेल म्हणून, की मधुमेहींना विकण्यासाठी? वाचणारा पहिला अर्थ घेतो, विकणारा दुसऱ्या अर्थाआड उभा राहतो आणि व्यवहार तिसऱ्या अर्थाने पार पडतो. ‘साहाय्यक’ हे विशेषणही असेच पळवाटेचे. कशाला साहाय्यक, तर पथ्याला, व्यायामाला आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना. म्हणजे साखर उतरली तर श्रेय डब्याचे आणि चढली तर दोष रुग्णाच्या जिभेचा. ‘मुळापासून’ या शब्दात वनस्पतीचे मूळ आणि रोगाचे मूळ यांची गाठ घालून दिलेली आहे. हा श्लेष एखाद्या कवीने केला असता तर आपण वर्गात त्याचे रसग्रहण केले असते.

आणि ‘नैसर्गिक’? निसर्ग म्हणजे शुद्ध, यंत्र म्हणजे भ्रष्ट हे समीकरण आपल्याच रोमँटिक काव्यदृष्टीने रुजवले आणि बाजाराने ते फुकटात उचलले. वास्तविक इन्सुलिन हे शरीरातच तयार होणारे द्रव्य आहे. १९२१ साली टोरांटो येथे ते स्वादुपिंडातूनच वेगळे केले गेले. मेटफॉर्मिनच्या संशोधनाची वाट युरोपातील गॅलेगा या वनस्पतीपासून निघते. वनस्पतीत गुण असतात, हे कोणीच नाकारलेले नाही. पण गुण, मात्रा आणि अपाय यांची कसोटी पार केल्यावरच त्या वनस्पतीचे औषध होते. पूरक आहाराच्या डब्याला ही कसोटी टाळायची असते आणि प्रतिष्ठा मात्र औषधाची हवी असते.

दुसरी चलाखी भाषांच्या वाटणीची आहे. पूरक आहाराविषयीच्या २०१६ सालच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या आशयाची सूचना छापणे बंधनकारक आहे. पण वेष्टनावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी कायद्याला पुरतो. परिणामी वचन मराठीत, ठळक आणि हसतमुख. इशारा इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अस्वीकरण हे दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टंकात असावे, असे म्हटले आहे. हे तत्त्व जाहिरातीपुरते आहे. ते वेष्टनावरही काटेकोरपणे लागू झाले, तर ‘मधुमेहींसाठी’ या शब्दाखाली तितक्याच मोठ्या मराठी अक्षरांत ‘हे औषध नाही’ असे छापावे लागेल. मग डबा किती खपेल?

कायदा नाही, अशी सबब येथे चालणार नाही. १९५४ सालच्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याच्या परिशिष्टात चोपन्न विकारांची यादी आहे आणि तीत मधुमेह आहे. या विकारांवर उपचार करण्याचा, ते बरे करण्याचा वा टाळण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरातच हा कायदा निषिद्ध ठरवतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दाही जुना आहे. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला. पण अशा औषधी जाहिरातींना विचारस्वातंत्र्याचे कवच मिळत नाही, हेही त्याच निकालात सांगितले.

तरीही काय घडले? इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने न्यायालयाला हमी दिली. ती मोडल्याबद्दल फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली. एप्रिलमध्ये माफीनामा वृत्तपत्रांत आला, तेव्हा न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी विचारले की, माफीचा आकार तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढा आहे काय? संहितेच्या वाचनाचा याहून चांगला धडा आम्हाला अलीकडे आढळलेला नाही. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी चौदा उत्पादनांचे परवाने निलंबित केले, त्यांत ‘मधुग्रिट’ होते. पुढच्याच महिन्यात तो आदेश स्थगित झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये माफी स्वीकारून अवमानाचे प्रकरण संपवण्यात आले.

यापेक्षा गंभीर गोष्ट नियम १७० ची. आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातीला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची पूर्वसंमती हवी, असा हा २०१८ चा नियम. आयुष मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये तो वगळला, न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी मूळ याचिका निकाली निघाली तेव्हा ती स्थगितीही उठली. म्हणजे आता जाहिरात आधी निघते, आक्षेप मागाहून येतो. चाळणी काढून घेतल्यावर धान्य निवडण्याचे काम खाणाऱ्याच्या दातांवर येते.

‘हा आयुर्वेदावरचा हल्ला आहे’, असे कोणी म्हणेल. त्यांनी चरकसंहिता उघडावी. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यांतला वातज मधुमेह असाध्य म्हटला. प्राचीन वैद्याने जेथे प्रामाणिकपणे ‘असाध्य’ हा शब्द लिहिला, तेथे आजचा विक्रेता त्याच परंपरेचे नाव घेऊन ‘समूळ नाश’ लिहितो. आयुर्वेदाचा अपमान नेमका कोण करतो आहे? ‘ॲलोपॅथीतही लूट आहे’, हा दुसरा आक्षेप. आहेच, याच खटल्यात न्यायालयाने मेडिकल असोसिएशनलाही आपल्या सदस्यांच्या वर्तनाकडे पाहायला सांगितले. पण शेजाऱ्याच्या घरातली चोरी हा आपल्या चोरीचा परवाना होत नाही.

या शब्दांची किंमत शरीर मोजते. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन बंद केले तर थोड्याच दिवसांत त्याच्या जिवावर बेतते. टाइप-२ चा घात संथ असतो: डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू. भातलावणीच्या चिखलात अनवाणी उभ्या राहणाऱ्या ज्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला रुतलेला काटा कळत नाही. जखम चिघळते आणि गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. एवढा मोठा वाचकवर्ग मराठीतल्या कोणत्याही वाङ्मयप्रकाराला लाभलेला नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनी आतल्या पानांवर विवेकवादाचे परिसंवाद छापून मलपृष्ठ या डब्यांना विकू नये. जाहिरातीवाचून अंक निघत नाही हे खरे, पण कोणत्याही जाहिरातीवाचून निघत नाही असे नव्हे. महाविद्यालयांतील मराठी विभागांनी उपयोजित मराठीच्या तासाला जाहिरात ‘आकर्षक’ कशी लिहावी एवढेच शिकवून थांबू नये. ती कोठे खोटे बोलते हेही शिकवावे. आणि विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर घरातल्या फळीवरचा डबा खाली काढून त्यावरचे बारीक इंग्रजी आजीला मोठ्याने मराठीत वाचून दाखवावे. शैलीविज्ञानाचा एवढा उपयोग झाला तरी त्या विषयाला आजवर दिलेले तास कारणी लागले, असे आम्ही समजू.