बांगसामोरो शांतता कराराचा अनुशेष भरून काढण्याबाबत निवेदन

पुणे
दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
महामहिम फर्डिनांड मार्कोस ज्युनिअर,
राष्ट्राध्यक्ष, फिलिपिन्स प्रजासत्ताक, मनिला
(मा. राजदूत, फिलिपिन्सचा दूतावास, नवी दिल्ली यांच्यामार्फत)

विषय : बांगसामोरो स्वायत्त प्रदेशाची पहिली संसदीय निवडणूक ३१ मार्च २०२६ पर्यंत घेणे आणि २०१४ च्या शांतता करारातली राहिलेली वचने पुरी करणे याबाबत.

महोदय,

आम्ही महाराष्ट्रातले काही पालक, शिक्षक आणि डॉक्टर हे निवेदन आपल्याला सादर करत आहोत. आमच्यापैकी अनेकांची मुले मिंडानाओ बेटावरच्या दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी राहिली. त्याच बेटाच्या पश्चिमेला मोरो मुसलमानांचा बांगसामोरो प्रदेश आणि त्याची राजधानी कोटाबाटो आहे. मुलांनी फोनवर सहज सांगावे की या आठवड्यात कोटाबाटोच्या रस्त्याने जाऊ नका असे वसतिगृहात बजावले आहे, आणि इकडे घरात रात्रभर कुणाचा डोळा लागू नये, असे दिवस आम्ही काढले आहेत. लानाओ सरोवराकाठचे मरानाओ मुसलमान रावणाची कथा ‘महाराडिया लावना’ या नावाने सांगतात, हेही आम्हाला मुलांकडूनच कळले. त्या लोकांविषयी त्यानंतर परकेपणा राहिला नाही. गेल्या ऑगस्टमध्ये आपण भारतात आलात, दोन्ही देशांत धोरणात्मक भागीदारी जाहीर झाली. मित्रदेशाच्या प्रमुखापुढे मन मोकळे करता येते, या भरवशावर हे लिहीत आहोत.

आमचे म्हणणे एकच आहे. मोरो लोकांशी केलेला करार कागदावर उत्तम आहे. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलण्याची सवय मात्र जीवघेणी ठरली आहे, आणि ती आता थांबली पाहिजे. महाराष्ट्रात एखाद्या भागाला कबूल केलेला वाटा मिळाला नाही की त्याच्या नावे ‘अनुशेष’ साचला असे आम्ही म्हणतो. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला दिलेल्या शब्दांचा हिशेब आमच्याकडे आजही मांडला जातो. मिंडानाओतला अनुशेष माणसांच्या प्राणांनी मोजावा लागला आहे.

तो कसा साचला हे आपल्याला आम्ही सांगावे असे नाही. तरीही क्रम डोळ्यांपुढे राहावा म्हणून थोडक्यात लिहितो. १८ मार्च १९६८ रोजी कोरेगिदोर बेटावर, सुलू आणि तावी-तावीतून गुपचूप भरती केलेल्या मुसलमान तरुणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या तुकडीचे ‘जबीदा’ हे नाव मोरो घरांतून तेव्हापासून पुसले गेलेले नाही. आपल्या वडिलांच्या राजवटीत १९७२ साली लष्करी कायदा लागू झाला, मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंटचे बंड पेटले, आणि त्याच राजवटीने १९७६ च्या डिसेंबरात त्रिपोलीत तेरा प्रांतांच्या स्वायत्ततेवर सही केली. ती सही अमलात आली नाही. त्या निराशेतून फ्रंट दुभंगली आणि मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट उभी राहिली. १९९६ साली जुन्या फ्रंटशी अंतिम म्हणवलेला करार झाला. तोही अर्धामुर्धा पाळला गेला. २००८ साली नव्या फ्रंटबरोबर ठरलेला मसुदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, लढाई पुन्हा भडकली आणि त्या फ्रंटमधूनही एक गट फुटून निघाला. २७ मार्च २०१४ रोजी मनिलात सर्वसमावेशक करार झाला. पुढच्याच जानेवारीत मामासापानोत पोलिसांच्या विशेष दलाचे ४४ जवान आणि मोरो बाजूचेही लोक मारले गेले, आणि त्या संतापात स्वायत्ततेचा कायदा संसदेत अडकून पडला. २०१७ मध्ये पाच महिने अतिरेक्यांच्या ताब्यातले मरावी शहर जळत होते. प्रत्येक वेळी दिरंगाईने एक नवी बंदूक तयार केली, हे या घटनाक्रमात कुणालाही दिसावे.

म्हणून २०१८ चा बांगसामोरो कायदा आणि त्यावरचे २०१९ चे सार्वमत या दोन गोष्टींचे आम्हाला मोल वाटते. मार्च २०१९ मध्ये ऐंशी सदस्यांचे हंगामी प्राधिकरण आले आणि मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंटचे अध्यक्ष मुराद इब्राहिम हंगामी मुख्यमंत्री झाले. मोरो जनतेने आपली पहिली संसद २०२२ च्या मे महिन्यात निवडायची होती. निवडणूक २०२५ च्या मे महिन्यावर गेली. मग १३ ऑक्टोबर २०२५ ठरली. त्या तारखेला पुरते दोन आठवडे उरले नसताना मतदारसंघांच्या फेररचनेचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले आणि निवडणूक ३१ मार्च २०२६ पर्यंत घ्यावी असा आदेश दिला. न्यायालयाच्या निर्णयाविषयी आमची तक्रार नाही. पण सार्वमतात ‘हो’ म्हणून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला साडेसहा वर्षांनंतरही आपला प्रतिनिधी निवडता आलेला नाही, हे वास्तव आहे. मतदारसंघांचा नवा कायदा आज, हे निवेदन लिहीपर्यंत, झालेला नाही.

आमची मुख्य मागणी इथेच आहे. ३१ मार्च ही तारीख आता कोणत्याही कारणाने हलू नये. हंगामी प्राधिकरणाने मतदारसंघांचा कायदा तातडीने करावा यासाठी आपण स्वतः कोटाबाटोत जाऊन सर्व पक्षांना एकत्र बसवावे, निवडणूक आयोगाला पैसा आणि बंदोबस्त आगाऊ द्यावा, आणि मनिलातल्या संसदेत मुदतवाढीचे विधेयक आले तर आपला पाठिंबा त्याला नसेल असे आजच जाहीर करावे. याच प्रदेशात २००९ साली मागिंदानाओत एका उमेदवाराचा अर्ज भरायला निघालेल्या ताफ्यावर एका सरदार घराण्याच्या फौजेचा हल्ला होऊन ५८ माणसे मारली गेली, त्यांत ३२ पत्रकार आणि माध्यमांतले कर्मचारी होते. सरदार घराण्यांच्या खासगी फौजा मोडून काढण्याचे कलम करारात आहे, ते मतदानाआधी दिसेल इतके तरी अमलात यावे.

या वर्षी मार्चमध्ये आपण मुराद यांच्या जागी अब्दुलरौफ मकाकुआ यांना नेमले. तेही त्याच चळवळीतले आहेत. पण हंगामी सरकारचे नेतृत्व फ्रंटकडे असावे असे कायदा सांगतो, आणि फ्रंटच्या केंद्रीय समितीची पसंती डावलली गेली अशी तिची तक्रार आहे. नेमणूक कितीही शुद्ध हेतूची असली तरी वरून आलेल्या माणसावर संशय राहतो. मतपेटीतून आलेल्या मुख्यमंत्र्यावर असा संशय राहणार नाही.

आता शस्त्रांविषयी. करारानुसार सुमारे ४०,००० लढवय्ये आणि ७,००० शस्त्रे निःशस्त्रीकरणात यायची आहेत. आजवर २६,१४५ जणांनी आपली नावे नोंदवून लष्करी आयुष्य सोडले आणि ४,६२५ शस्त्रे जमा झाली. आयुष्यभर जंगलात राहिलेला माणूस आपली बंदूक देतो तेव्हा तो आपला एकमेव आधार देत असतो, हे विसरता कामा नये. अशा प्रत्येकाला एक लाख पेसो मिळाले. शेती, घर, शिक्षण, रोजगार यांचे जे पुनर्वसन कबूल होते, ते एकाच्याही बाबतीत पुरे झालेले नाही असे फ्रंटचे म्हणणे आहे. सरकार ते मान्य करत नाही. जुलैमध्ये फ्रंटने उरलेल्या १४,००० जणांचे निःशस्त्रीकरण थांबवले. हा वाद आकड्यांवर सोडू नये. प्रत्येक माजी लढवय्याचे गाव, त्याला काय मिळाले आणि काय राहिले, याची यादी दोन्ही बाजूंच्या संयुक्त समितीने तयार करून गावोगावी वाचून दाखवावी. अबुबकर, राजामुडा, बिलाल अशा सहा तळांना गावांचे रूप द्यायचे ठरले होते. तिथे पाणी, शाळा, दवाखाना उभा राहिला की बंदुका मागण्याचा अधिकार सरकारला पुन्हा मिळेल. त्याआधी मागितल्या तर शरणागतीची मागणी वाटेल. २०२३ मध्ये आपण जाहीर केलेल्या माफीचे अर्जही विनाविलंब निकाली निघावेत.

सुलूबद्दल लिहिताना हात जड होतो. २०१९ मध्ये त्या प्रांताने बहुमताने ‘नाही’ म्हटले होते, तरी त्याला प्रदेशात घेतले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो बाहेर काढला. जबीदाची पोरे जिथली, ज्या मातीत या चळवळीने पहिला श्वास घेतला, ती माती आज मोरो स्वायत्ततेच्या बाहेर आहे. सुलूच्या मतदारांचा कौल आम्ही मानतो. पण तिथली इस्पितळे, शाळा आणि बांगसामोरोच्या पगारावर असलेले शिक्षक व परिचारिका या घडामोडीत उघड्यावर पडू नयेत, आणि उद्या तिथल्या लोकांनी स्वतःहून परत यायचे ठरवले तर सार्वमताचा रस्ता खुला असावा.

मरावीच्या उद्ध्वस्त मध्यवस्तीतल्या घरमालकांना २०२२ च्या कायद्याप्रमाणे भरपाई मिळायची आहे. आठ वर्षे भाड्याच्या खोलीत काढलेल्या म्हातार्‍यांना कागदपत्रांसाठी आणखी फेर्‍या मारायला लावू नयेत, एवढेच म्हणतो.

एक गोष्ट मोरो नेत्यांनाही आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो, म्हणून या निवेदनाची प्रत त्यांना जाणार आहे. बांगसामोरोच्या डोंगरांत तेदुराय आणि लांबांगियन हे मुसलमान नसलेले आदिवासी राहतात. त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर हल्ले होतात, माणसे मारली जातात. ज्यांनी मनिलाकडे स्वतःची ओळख मागितली त्यांनी शेजार्‍याची ओळख नाकारणे शोभत नाही. आदिवासी, स्त्रिया आणि अन्य घटकांसाठी नव्या संसदेत राखून ठेवलेल्या जागा खर्‍या प्रतिनिधींनीच भरल्या जाव्यात.

राष्ट्राध्यक्ष महोदय, वडिलांच्या सहीचा शब्द मुलाने पुरा करावा असे आमच्या घरांत मानतात. त्रिपोलीच्या कराराला २०२६ च्या डिसेंबरात पन्नास वर्षे होतील. त्या दिवशी कोटाबाटोत निवडून आलेली संसद बसलेली असावी. ३१ मार्चपर्यंतच्या निवडणुकीचे वेळापत्रक निवडणूक आयोगाकडून केव्हा जाहीर होईल, हे आम्हाला दूतावासामार्फत लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
सर्व निवेदनकर्ते, महाराष्ट्र

प्रत माहितीसाठी सविनय सादर :
मा. मुख्यमंत्री, बांगसामोरो हंगामी प्राधिकरण, कोटाबाटो
मा. अध्यक्ष, केंद्रीय समिती, मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट
मा. परराष्ट्र सचिव, भारत सरकार, नवी दिल्ली