घर माणसांसाठी की मोटारीसाठी?

बदली होऊन दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली काही वर्षे भाड्याच्या घरात जातात. मुलांच्या शाळा स्थिरावतात, हिवाळ्यातील धुरक्याची सवय होते आणि मग एखाद्या रविवारी विषय निघतो : आता स्वतःची सदनिका घ्यावी. एके काळी ही चर्चा पहाडगंज, करोल बाग या परिसरातच संपत असे. आज ती नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरीदाबादपर्यंत जाते आणि तेथे पोहोचताच सारा विचार एकाच प्रश्नाभोवती फिरू लागतो : पार्किंगचे काय?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. राजधानीत गाडी विकत घेणे सोपे आहे, ती रात्री कोठे उभी करावी हे अवघड. तरीही, केवळ पार्किंग मिळते म्हणून घर निवडणे हे घोड्याच्या आधी खोगीर घेण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हिशेब पाहू. समजा, सदनिकेची किंमत ८० लाख रुपये आहे आणि आच्छादित पार्किंगचे ५ लाख रुपये वेगळे मागितले जात आहेत. ३० लाखांपेक्षा अधिक व ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळू शकते. म्हणजे १६ लाख रुपये स्वतःचे हवेत. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्याहून निराळा. वरचे ५ लाख कर्जातूनच उभे केले, तर साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ४,३४० रुपयांनी वाढतो आणि परतफेड १० लाख ४१ हजारांच्या घरात जाते. हे ५ लाख भविष्य निर्वाह निधीतून काढणाऱ्याने तर आपल्या म्हातारपणाच्या शिदोरीलाच हात घातलेला असतो.

दुसरा मुद्दा हक्काचा. ५ लाख देऊन नेमके काय मिळते? मुंबईतील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली महाराष्ट्राच्या कायद्याचा अर्थ लावताना सांगितले, की इमारतीच्या खांबांमधील पार्किंगची जागा विकासकाला स्वतंत्र सदनिकेप्रमाणे विकता येत नाही. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजेच ‘रेरा’ने, खुल्या पार्किंगची गणना देशभर सामाईक जागांत केली. तीन बाजूंनी भिंती व वर छप्पर असलेले गॅरेज ही निराळी गोष्ट. म्हणून विक्रेता ‘पार्किंग देतो’ म्हणाला, की विचारावे : खुले की आच्छादित? त्याचा क्रमांक व जागा नकाशात व नोंदणीकृत करारात आहे काय? तोंडी आश्वासनावर गाडी उभी राहत नाही. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला स्वीकारता येत नाही, हेही याच कायद्याने सांगितले आहे.

राजधानी परिसराने याहून कठोर धडेही दिले आहेत. आम्रपाली समूहाच्या रखडलेल्या प्रकल्पांत हजारो कुटुंबे हप्ता आणि भाडे दोन्ही भरत राहिली. अखेर २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यांचे बांधकाम सरकारी कंपनीकडे सोपवावे लागले. नोएडाच्या सेक्टर ९३-ए मधील जुळे मनोरे नियमभंगामुळे २८ ऑगस्ट २०२२ रोजी काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. घरच हाती आले नाही, तर गाडीची जागा काय कामाची? तेव्हा रेरा नोंदणी, मंजूर नकाशा आणि जमिनीचा हक्क आधी तपासावा. नोएडात जमीन सहसा प्राधिकरणाकडून ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, हेही ध्यानी ठेवावे.

मग पार्किंग घ्यावे की नाही? घरात वृद्ध आईवडील असतील, अपरात्री रुग्णालय गाठण्याची वेळ येण्याजोगी असेल, किंवा नोकरीचे ठिकाण मेट्रोपासून दूर असेल, तर हक्काच्या जागेवाचून घर घेऊ नये. रस्त्यावर जागा मिळेल या भरवशावर तर मुळीच राहू नये. परंतु कार्यालय व शाळा मेट्रोच्या मार्गावर असतील आणि गाडी केवळ रविवारीच निघणार असेल, तर स्थानकाजवळचे थोडे लहान घर मला अधिक शहाणपणाचे वाटते. २००२ साली शाहदरा–तीस हजारी मार्गाने सुरू झालेली मेट्रो पुढे नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद व फरीदाबादपर्यंत पोहोचली. ज्या घराला गाडीची गरज कमी, त्या घराला पार्किंगचा खर्चही कमी.

बँकेच्या कर्मचारी बंधुभगिनींनाही एक विनंती. कर्जमंजुरीच्या वेळी ग्राहकाला हप्त्याचा आकडा आपण सांगतोच. त्यासोबत पार्किंगचा कागदही एकदा मागून पाहावा. गाडी दहा-पंधरा वर्षांत बदलते, हप्ते वीस वर्षे चालतात आणि घर पुढच्या पिढीपर्यंत राहते. निर्णय घेताना हा क्रम विसरू नये.