न उच्चारलेल्या शब्दाची जाहिरात

जाहिरातींतील गुप्त संदेशांविषयी सुशिक्षितांच्या मनात जे भय घर करून आहे, त्याचा उगम बहुतांशी एका थापेत आहे. १९५७ साली जेम्स विकारी नावाच्या अमेरिकन बाजारतज्ज्ञाने, न्यू जर्सीतील एका चित्रपटगृहात डोळ्यांस जाणवणारही नाही इतका अल्पकाळ ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोका-कोला प्या’ ही अक्षरे पडद्यावर झळकवली असता विक्री भराभर वाढली, असा डांगोरा पिटला. आणि पाच वर्षांनी, त्या प्रयोगात काही दम नव्हता, हे त्यानेच कबूल केले. कबुली विस्मरणात गेली, भय तेवढे राहिले.

वस्तुतः जाहिरातदारास असे चोरपावलांनी यावे लागतच नाही. आपल्याकडील वेलचीची जाहिरात पाहा. क्रिकेटचा सामना ऐन रंगात असतो, षटक संपते, आणि उंची पोशाखातला कोणी प्रख्यात नट चांदीचा वर्ख लावलेला एक दाणा अशा ऐटीत जिभेवर ठेवतो, की जणू जन्मभराच्या पराक्रमाचे ते रहस्यच असावे. शेवटी जे नाव उमटते ते त्याच वळणाच्या अक्षरांत आणि त्याच रंगांत, जे आपण पानाच्या गादीवर लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळांवर वर्षानुवर्षे पाहत आलो. तंबाखूच्या जाहिरातीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. येथे तंबाखूचा उच्चारही नाही. अर्धे वाक्य जाहिरातदार बोलतो, उरलेले आपण मनातल्या मनात पुरे करतो. आणि परक्याच्या बोलण्याशी हुज्जत घालणारा माणूस स्वतःच पुऱ्या केलेल्या वाक्याचा संशय सहसा घेत नाही, यातच सारी मख्खी आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये अशा परभारी जाहिरातींवर बंदी घातली खरी. परंतु कायद्याचा अंमल मजकुरावर चालतो, आणि मजकूर पाहावा तर निर्दोष. वेलची विकणे हा काही गुन्हा नव्हे!

गोरेपणाच्या मलमाचीही हीच तऱ्हा. सर्वांत विख्यात मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० साली गळाला, तरी कशासाठी ते घ्यायचे हे गिऱ्हाइकास पुन्हा सांगावे लागले नाही. (आमच्या वृत्तपत्रांच्या विवाहविषयक रकान्यांत ‘गोरी’ हे विशेषण इतकी वर्षे बिनदिक्कत छापले जात आले, तेव्हा सारे खापर मलमवाल्याच्या माथी फोडण्याचा अधिकार आम्हांस नाही.)

वाचकांनी एकदा एवढे करावे: जवळच्या पानटपरीवर जाऊन त्या वेलचीच्या जाहिरातीतले नुसते नाव घ्यावे, वेलचीचा शब्दही काढू नये, आणि टपरीवाल्याचा हात कोठे जातो ते पाहावे.